पैठणची माती, पाडव्याची गुढी

आमच्या पैठण तालुक्यात सालगड्याचं नवं साल पाडव्यालाच धरतात. पहाटे आईनं वेळूच्या काठीला जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी बांधली, वर तांब्या पालथा घातला. कडुलिंबाचा कोवळा मोहर गुळासंगं चावताना आजी आठवली. ती सांगायची, "इथंच कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनानं मातीचे सैनिक केले, पाणी शिंपडलं, आन् ते उठून लढले बग!" त्याच्या नावाचा शक इसवी सन ७८ पासूनचा, यंदा १९४८ लागला.

गेल्या सप्टेंबरात पुरानं आमच्या वावरातली माती खरवडून नेली. तेव्हापासून आजीची गोष्ट मला फार जवळची वाटते. दुपारी पुरणपोळी खाऊन अण्णा वावरात गेले. तलावातला गाळ पसरून झालाय. त्यांनी मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवला. ओला होता.