मोजणी बरोबर आली तो दिवस

त्या दिवशी माझ्या मोजणीत एकाही आकड्याची चूक नव्हती, आणि तरीही आमच्यापैकी एक बाई ओढ्याच्या पलीकडे राहिल्या होत्या. घटना घडून बरेच दिवस झाले, कोणालाही इजा झाली नाही, परंतु तो प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी धबधब्यांच्या वाटांवर गट घेऊन जाते. त्या दिवशी 22 पर्यटक आणि आम्ही तिघे होतो : पुढे मी, मध्ये एक सहकारी आणि सर्वांत शेवटी बॅक लीड म्हणून एक तरुण मुलगा. एका वेळी 22 माणसे नेणे मला पटत नाही, पण गटाचा आकार वाट चालणारे ठरवत नाहीत, तो कार्यालयात बसलेले लोक ठरवतात. धबधबा ओढ्याच्या पलीकडील अंगाला असल्यामुळे जाताना आणि येताना तोच ओढा ओलांडावा लागतो. जाताना पाणी पोटरीपर्यंत होते. अशा वेळी मी काठावरचा एक ठळक दगड हेरून ठेवते आणि पाणी त्याच्या कोणत्या रेघेपर्यंत आहे ते लक्षात ठेवते.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर नेहमीची विनवणी सुरू झाली. कुंडात उतरू नका, असे सांगितले की "मला उत्तम पोहता येते" असे सांगणारा एक तरी भेटतोच. कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळल्यामुळे ते फेसाळ पाणी साध्या पाण्यापेक्षा हलके असते आणि त्यात माणूस कमी तरंगतो, हे त्याला पटवण्यात माझी 10 मिनिटे गेली. छायाचित्रांसाठी शेवाळलेल्या खडकाच्या टोकावर चढणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण तो राग मला आवरत नाही.

दुपारी 1 च्या सुमारास धारेचा आवाज बदलला. डोक्यावर ऊन होते, पण पाणी मातकट होऊ लागले होते आणि त्यातून पाने व काटक्या वाहत येत होत्या. आपल्या डोक्यावर पाऊस नसणे याला ओढ्याच्या हिशेबी काहीच किंमत नसते. वरच्या एक चौरस किलोमीटर उतारावर केवळ 1 सेंटीमीटर पाऊस पडला, तरी 10,000 घनमीटर, म्हणजे 10,000 टन पाणी होते, आणि खडकाळ उतारावरून त्यातील बरेचसे त्याच ओढ्यात येते. मी शिट्टी वाजवून सर्वांना निघायला सांगितले. दगडावरची रेघ अजून दिसत होती, परंतु पाणी तिच्या दिशेने चढत होते.

ओलांडण्याची जागा मी जाणूनबुजून रुंद निवडते. अरुंद जागा सोपी दिसते, पण तेच पाणी तिथे खोल आणि वेगवान होते, आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. शिवाय पाय घसरलाच, तर माणूस वाहत कुठे जाईल हे आधी पाहावे लागते. माझ्या जागेखाली उथळ गोट्यांचा पसारा आहे. पाठपिशव्यांचे छातीचे व कमरेचे पट्टे सोडायला लावून, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवून आणि दोघादोघांना एकमेकांचे खांदे धरायला सांगून आम्ही सर्वांना अलीकडे आणले. दोर लावला होता, परंतु तो केवळ हाताने धरण्यासाठी. वाहत्या पाण्यात दोर माणसाच्या अंगाला कधीही बांधत नाहीत, कारण पडलेल्या माणसाला तोच पाण्याखाली दाबून धरतो. हे सारे इतके व्यवस्थित पार पडले, की मला स्वतःचे कौतुक वाटले होते, हे कबूल करते.

मग मी मोजले. तुषारांमुळे सर्वांनी रेनकोटच्या टोप्या ओढून घेतल्या होत्या. रेनकोट आमच्या कंपनीचेच, सगळे पिवळे, आपली माणसे चटकन ओळखू यावीत म्हणून दिलेले. एकेकाकडे बोट करत मी 22 पर्यंत पोहोचले. मागे राहिलेल्या बॅक लीडने पलीकडून हात उंचावून सर्व निघाल्याची खूण केली आणि तोही आला.

चढणीवरच्या विसाव्याला, साधारण 25 मिनिटांनी, सर्वांनी रेनकोट उतरवले, तेव्हा एका अनोळखी गृहस्थांचा चेहरा समोर आला. ते एकटेच आले होते, त्यांचा स्वतःचा रेनकोट पिवळा होता आणि पाणी वाढलेले पाहून ते आमच्या रांगेत शिरले होते, जे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. "तुम्ही मला मोजलेत, मला वाटले सर्वांनाच मोजता," असे ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला.

राहिलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या आणि एकट्या आल्या होत्या. जोडीने आलेल्यांवर त्यांच्या जोडीदाराचे लक्ष असते. एकट्याने आलेल्या माणसाला कोणाची तरी जोड आम्हीच लावून द्यायची असते. त्या सर्वांत चांगल्या चालत होत्या, म्हणून मी ती लावली नव्हती. त्या कपडे बदलायला मोठ्या शिळेमागे गेल्या होत्या. धबधब्याजवळ बोललेले ऐकू येत नाही, त्यामुळे बॅक लीडने हातवाऱ्यांनी "सगळे आले का?" असे विचारले आणि त्यांनी शिळेआडून अंगठा दाखवला. त्यांना म्हणायचे होते, "मी ठीक आहे, येते आहे." त्याने समजून घेतले, "मागे कोणी नाही." पाणबुडे "ठीक आहे" यासाठी अंगठा वापरत नाहीत, कारण त्यांच्यात त्या खुणेचा अर्थ "वर चला" असा होतो. आमच्या व्यवसायात मात्र अंगठ्याचा अर्थ ज्याला जो वाटेल तो. त्या मुलाला कार्यालयाने ताकीद दिली; त्याला खुणा कोणी शिकवल्या होत्या, हे कोणीही विचारले नाही.

गट मधल्या सहकाऱ्याकडे सोपवून आम्ही दोघे परतलो. बाई पलीकडच्या काठावर उभ्या होत्या आणि माझ्या खुणेच्या दगडाचा केवळ माथा पाण्याबाहेर होता. अंतर 10 ते 12 मीटर असेल. बॅक लीड पाण्यात उतरायला निघाला, तेव्हा मी त्याचा दंड धरला. त्यांना हाताने आणखी वर जाऊन बसण्याची खूण केली. या वेळी तीच खूण त्यांनी मला परत करून दाखवेपर्यंत मी ती करतच राहिले. लहान पाणलोटातला ओढा चढतो तसाच लवकर उतरतोही, हे मला ठाऊक होते, पण समोर माणूस अडकलेला असताना ठाऊक असलेल्या गोष्टीवर बसून राहणे फार जड जाते. सुमारे दोन तासांनी रेघ पुन्हा दिसू लागली. त्यानंतरही मी अर्धा तास वाट पाहिली आणि मग आम्ही पलीकडे जाऊन त्यांना दोघांच्या मध्ये धरून आणले.

आता मी प्रत्येकाला क्रमांक देते आणि तो ज्याचा त्याने टोपी काढून म्हणायचा असतो. कार्यालयाच्या अहवालात दोनच रकाने आहेत, गेलेले आणि परतलेले, आणि त्या दिवशी दोन्हींत 25 हाच आकडा भरला गेला.

उतरताना बाई माझ्यावर रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी एवढेच सांगितले, की शिळेमागून त्यांना मी अलीकडच्या काठावर मोजताना दिसत होते. मोजता मोजता माझे बोट एकदा त्यांच्या दिशेनेही वळले, असे त्यांना वाटले, आणि म्हणूनच त्या घाई न करता बुटांच्या नाड्या बांधत बसल्या होत्या.