बाळंतपणातील हलगर्जीपणा आणि कागदांची साक्ष

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली, तिला मुलगा झाला आणि दोन-तीन दिवसांतच तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे ताप चढला, पोटदुखी वाढत गेली. १९ तारखेला पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला कापडी बोळा सापडला आणि २४ जुलै रोजी ती दगावली. पती व मुलांचा दावा खालच्या न्यायालयात ३६,००० रुपयांना मंजूर झाला, उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये मूळ हुकूमनामा पुन्हा कायम केला. त्या बाळंतपणात जन्मलेला मुलगा तोवर बत्तीस वर्षांचा झाला असणार.

बोळा नेमका कोणाच्या हातून राहिला हे ठरवता आले नाही तरी तो आत राहणे हाच हलगर्जीपणा आहे, आणि आपल्या नोकरांच्या अशा चुकीची भरपाई शासनाला द्यावी लागेल, असे त्या निकालाने स्पष्ट केले. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने शासन उत्तरदायी नाही, ही सबब टिकली नाही.

नवजात बालकाच्या इजेबाबत मात्र असा डोळ्यांना दिसणारा पुरावा क्वचितच हाती येतो. जन्मताना प्राणवायू अपुरा पडून मेंदूला इजा झाली, की गरोदरपणातच काही बिघडले होते, हे बाळाकडे पाहून सांगता येत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे अपंगत्व) झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये तर मूळ कारण प्रसूतीतल्या चुकीत नसतेच, आणि हे आईवडिलांना दावा लावण्यापूर्वीच सांगणारा वकील मला अधिक प्रामाणिक वाटतो. उरलेल्या प्रकरणांत प्रश्न काही तासांचा असतो: गर्भाचे ठोके किती वेळाने तपासले, ते मंदावल्याचे कोणाला आणि केव्हा कळवले, पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा वेळेनुसार भरायचा तक्ता, खरोखर त्या त्या वेळी भरला की नंतर एका बैठकीत, सिझेरियनचा निर्णय आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया यांत किती वेळ गेला. या प्रश्नांची उत्तरे केवळ इनडोअर पेपरवर, म्हणजे रुग्ण दाखल असताना रुग्णालयाने ठेवलेल्या नोंदींत, सापडतात, आणि कुटुंबाच्या हाती मात्र बहुधा डिस्चार्ज कार्डच असते.

चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात ऑगस्ट १९९६ मध्ये एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या १२५० ग्रॅम वजनाच्या मुलीचे प्रकरण याच अंगाने वाचण्यासारखे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतील पडद्याला इजा होण्याचा धोका ठाऊक असूनही वेळेत तपासणी झाली नाही आणि घरी सोडताना पालकांना तशी सूचनाही मिळाली नाही. मुलीची दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पाच लाख रुपये दिले होते, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये ती रक्कम सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेली. तिच्या पुढील आयुष्यातला उपचारांचा खर्च महागाई धरून मोजला गेला, हा त्या निकालातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण अपंग मुलाचा खर्च त्याच्या वयाबरोबर आणि बाजारभावाबरोबर वाढत जातो.

मुदतीचे गणित मात्र जुळत नाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण मूल बसत नाही, चालत नाही हे लक्षात येऊन निदान होईपर्यंतच त्यातला बराच काळ सरलेला असतो. दिवाणी न्यायालयात अज्ञानासाठी, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलासाठी, मुदत थांबते आणि मूल सज्ञान झाल्यावरही दावा लावू शकते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात, परंतु त्या जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला दाव्याचा हक्क उरतो आणि तो सिद्ध करणारे कागद तोवर पंधरा वर्षांपूर्वीच रीतसर नष्ट झालेले असू शकतात. मुलाच्या बाबतीत काही शंका असो वा नसो, प्रसूतीचे पूर्ण इनडोअर पेपर लेखी अर्जाने पहिल्या वर्षातच मागून घ्यावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.