लावायला सगळेच शिकवतात

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझ्या पार्लरात दोन तऱ्हेच्या बायका येतात. एक गावातल्याच, ज्यांच्या घरात लग्न आहे. त्यांना आयब्रो, फेशियल, मेहंदी हवी असते. दुसऱ्या सुरत-पुण्याहून माहेरी आलेल्या पोरी. बोटांवर लांब एक्स्टेन्शन, म्हणजे खऱ्या नखांवर बसवलेली खोटी नखं, त्यातली दोन-तीन नखं कडेनं उचललेली, एखादं अर्ध्यात मोडलेलं. बसायच्या आधीच म्हणतात, "ताई, एवढं काढून द्या ना."

अमळनेरात माझं पार्लर बऱ्याच वर्षांपासून आहे. घराचीच पुढची खोली. थ्रेडिंगपासून नवरीच्या मेकअपपर्यंत सगळं करते, पण नखांचं काम मी घेत नव्हते. जळगावला जा, असं सांगायचे. त्या कसल्या जातात! झोक्यावर बसून गप्पा मारता मारता दातांनी ओढून काढायच्या. एक्स्टेन्शनबरोबर खालच्या खऱ्या नखाचा वरचा थर निघून यायचा आणि उरलेलं नख कागदासारखं वाकायचं. गरम पाणी लागलं तरी चुरचुरायचं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला जवळजवळ 6 महिने. आखाजीला ओढलेल्या नखाचा त्रास दिवाळीपर्यंत पुरतो.

म्हणून ठरवलं, नेल टेक्निशियनचा कोर्स करायचा. घरात सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नखे लावाना बी क्लास राहस का वं?" आणि लगेच पुढचं, "मंग भाकर कशी थापशी?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता तो. आमच्याकडे बाईचा हात दिवसभर कशात ना कशात असतोच. कळण्याचं पीठ मळायचं, भरिताचं वांगं सोलायचं, शेतात गेली तर कापूस वेचायचा, घरी आली की भांडी. एक्स्टेन्शन कायम ठेवणाऱ्या, दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला, म्हणजे नख वाढून पडलेली फट भरून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांवर इथे दुकान चालणार नाही. इथली नवरी हळदीच्या आधी नखं लावणार आणि सासरी चार-आठ दिवस झाले की काढायला येणार. जेवढ्या लावायला, तेवढ्याच काढायला. त्यामुळे कोर्सची चौकशी सुरू करताना माझा पहिला प्रश्न ठरून गेला: नखं काढायला किती वेळ शिकवता?

जळगाव, धुळे, नाशिक, सुरत अशा सगळीकडे फोन लावले. फी 8 हजारांपासून 65 हजारांपर्यंत. बहुतेक ठिकाणी 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सगळ्यात जास्त जाहिरात दोन दिवसांच्या वर्कशॉपची. एका ठिकाणचं वेळापत्रकच व्हॉट्सअॅपवर आलं. पहिल्या दिवशी सकाळी जेल पॉलिश (दिव्याखाली धरून कडक करायचं), दुपारी अॅक्रिलिक (लिक्विड आणि पावडरच्या गोळ्यानं नख घडवायचं). दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिजेल (या दोन्हींच्या मधलं), जेवणानंतर नेल आर्ट, चार वाजता सर्टिफिकेट आणि फोटो. फोटोसाठी गाऊन आणि टोपीसुद्धा मिळणार होती. काढण्याचं विचारलं तर उत्तर आलं, "मॅम, तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू."

सरकारी वाटाही पाहिल्या. लीड बँकेच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाची सोयही तिथेच. ज्या मुलीला अजून काहीच येत नाही आणि घरून पैसे मिळणार नाहीत, तिला मी डोळे झाकून तिकडे पाठवीन. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी झालेल्या पोरीला तोही चांगला. पण या दोन्हींत केस, त्वचा, मेकअप असं सगळंच असतं. नखांच्या वाट्याला मॅनिक्युअर-पेडिक्युअर आणि त्याहून थोडंसं जास्त येतं. मला त्यातलं बाकीचं सगळं येतच होतं.

सर्टिफिकेटवरून मात्र नणंदेशी वाद झाला. ती म्हणे, इंटरनॅशनल असेल तरच घे. मी म्हटलं, आपल्याकडे नखं लावायला कुठलं लायसन्स लागत नाही, दुकानाची नोंदणी तेवढी हवी. अमळनेरची नवरी भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचत नाही, ती माझ्या मोबाइलमधले फोटो बघते. कागद लागतो तो पुण्या-मुंबईच्या सलूनमध्ये नोकरी करायची असेल तर, किंवा बँकेत मुद्राचं कर्ज मागताना फाइल जरा जाड दिसावी म्हणून. तिथेही ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा, म्हणजे स्किल इंडियातला कागद असेल तर बरं पडतं. नुसता सोनेरी शिक्का आणि "इंटरनॅशनल" असेल तर सरळ विचारावं, कुठली संस्था, कुठल्या देशातली, परीक्षा कोण घेतं. मी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे विषय फीच्या सवलतीवर गेला.

आता माझ्या प्रश्नाची उत्तरं. एका क्लासवाल्या म्हणाल्या, "त्यात काय शिकवायचं? अॅसिटोनमध्ये बोटं बुडवून ठेवायची." दुसरीकडे एक मुलगा बोलला, "ड्रिलनं पाच मिनिटांत उडवतो." खरं नख कुठे सुरू होतं ते तुला कसं कळतं, असं विचारलं तर म्हणे, सवयीनं.

तिसरं उत्तर सुरतेहून आलं. ताप्ती लाइनवर आमच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी उधना-लिंबायतला असतंच, माझीही मावशी तिथेच. तिच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर एक बाई क्लास घेतात, माहेर दोंडाईचा. मी विचारलं, काढायला शिकवता का? त्यांनी उलट मलाच विचारलं, "काय काढायचंय? अॅक्रिलिक, हार्ड जेल की साधं जेल पॉलिश?"

मला माहीतच नव्हतं की फरक असतो. त्यांनी फोनवरच सांगितलं. साधं जेल पॉलिश आणि अॅक्रिलिक अॅसिटोननं सुटतं: वरचा चकचकीत थर आधी फाइलनं, म्हणजे नखं घासायच्या पट्टीनं, घासायचा, कापूस भिजवून बोटाला फॉइल गुंडाळायची आणि थांबायचं. हार्ड जेल मात्र अॅसिटोनमध्ये तासभर बुडवलं तरी विरघळत नाही. ते फाइलनंच हळूहळू उतरवावं लागतं, आणि खऱ्या नखावर अगदी पातळ थर राहू द्यायचा असतो, तो नखाबरोबर वाढून निघून जातो. म्हणजे "बोटं बुडवा" म्हणणाऱ्या आणि "ड्रिलनं उडवा" म्हणणाऱ्या, दोघांनाही अर्धंच माहीत होतं. त्यांनी अजून एक सांगितलं. अॅसिटोननं लवकर सुटतच नाही, वास डोक्यात जातो आणि नख दगडी टणक आहे, असं अॅक्रिलिक समोर आलं तर एमएमएचा, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट या रसायनाचा, संशय घ्यायचा. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं, एमएमए स्वस्त पडतं. निव्वळ एमएमएच्या नखांच्या लिक्विडवर अमेरिकेच्या एफडीएनं 1970 च्या दशकातच कारवाई केली होती. ते नख इतकं कडक होतं की कुठे अडकलं तर स्वतः न तुटता खालचं खरं नख उचकटून काढतं.

फी त्यांची मधलीच होती. पैसे त्याच दिवशी भरले.

क्लासमध्ये आम्ही मोजक्याच होतो, ही पण बघण्यासारखी गोष्ट. पंधरा-वीस जणींत मॅडम तुमच्या ब्रशचा कोन बघूच शकत नाहीत. सुरुवातीला सिलिकॉनचा हात दिला. त्या हाताला घाम येत नाही, तो हलत नाही, दुखलं म्हणत नाही, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचंच काम सुंदर होतं. लवकरच खरी माणसं आणायला सांगितलं. मावशीनं गल्लीतल्या सगळ्या बायका रांगेनं पाठवल्या. कोणाची नखं चपटी, कोणाची टोकाला वाकलेली, एकीचं अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं. मॅडमनी तिला हात लावू दिला नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा म्हणाल्या. कोणाला नाही म्हणायचं हे शिकवणारा क्लास मला तरी दुसरा दिसला नाही.

नेल आर्टच्या आधी मॅडमनी अॅलर्जीचा विषय घेतला, तोही चांगला सविस्तर. न सुकलेलं जेल परत परत कातडीला लागत राहिलं की शरीर एक दिवस ते नाकारायला लागतं. खाज, लाली, बोटांची टोकं फुटणं. एकदा झालेली ही अॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते. आणि दातांत भरायच्या सिमेंटमध्ये, सांधे बदलताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये याच घराण्यातली रसायनं असतात, म्हणजे पुढे तिकडेही अडचण. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, आपण रोज त्यात हात घालतो, त्यामुळे जास्त धोका आपल्याला. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, आणि क्युटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला, जेल लागलं तर दिव्याखाली घालायच्या आधी पुसायचं. मॅडम बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायच्या. युरोपात हेमा नावाचं अॅलर्जी करणारं रसायन असलेलं जेल फक्त व्यावसायिकांनी वापरायचं असा नियम आहे, आणि दिव्याखाली जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओवर 1 सप्टेंबर 2025 पासून तिथे बंदी आहे. युरोपचा नियम आपल्याला लागू नाही, पण वाचायला कोणी अडवलेलं नाही. किट घेतानाही हेच बघायचं. "किट फ्री" म्हणणाऱ्यांच्या डब्यात नावगाव नसलेल्या बाटल्या असतात. दिवा आणि जेल एकमेकांना जुळणारं नसलं तर वरून कडक आणि आत ओलं राहतं, मग पुन्हा तीच अॅलर्जी.

निर्जंतुकीकरणाचा निळा दिवा असलेला डबा पार्लरमध्ये ठेवला की झालं, असं मलाही वाटायचं, सगळ्यांनाच वाटतं. तो डबा धुतलेली हत्यारं ठेवायला ठीक आहे. हत्यारं निर्जंतुक होतात ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत. आणि फाइल-बफर एकीचं दुसरीला नाही.

सुरतेला शिकता आलं नाही असं एकच, आमचा उन्हाळा. तो इथे येऊन समजून घ्यावा लागला. लग्नं एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा पारा 45 च्या आसपास. जेल पातळ होतं आणि ब्रश टेकवला की क्युटिकलकडे धावतं, म्हणून मी पाचही बोटं एकदम रंगवत नाही, दोन बोटं झाली की दिव्याखाली. अॅक्रिलिक नेहमीपेक्षा लवकर आवळतं, गोळा लहान घ्यावा लागतो. कूलरची हवा सरळ टेबलावर आली तर घासलेली धूळ गिऱ्हाइकाच्या तोंडावर. अॅसिटोन उडतं आणि पेट घेतं, त्यामुळे देव्हारा आणि गॅस असलेल्या बाजूला ते ठेवतच नाही. खिडकीतलं ऊन बाटलीवर पडलं तर जेल बाटलीतच घट्ट होतं. लाइट गेली तर दिवा इन्व्हर्टरवर मस्त चालतो, त्याचं टेन्शन नाही.

हळदीचंही तसंच. फिक्या गुलाबी, दुधी रंगाचं जेल हळदीनं पिवळं पडतं, आणि आमच्याकडे हळद काही टिकलीएवढी लावत नाहीत. म्हणून नवरीला आधीच सांगते, गडद रंग घे, नाहीतर हळद उतरल्यावर ये. मेहंदीवाली निलगिरीचं तेल चोळून गेली असेल तर मी त्या दिवशी नखाला हात लावत नाही, तेलावर जेल धरत नाही. मेहंदी माझ्याकडेच असली तर नखं आधी, मेहंदी नंतर.

परवा पारोळ्याहून एक मुलगी विचारायला आली होती, कुठला क्लास लावू. तिला म्हटलं, मे महिन्यातली बॅच घेऊ नकोस, त्या वेळी शिकवणारीच लग्नाच्या ऑर्डरींत असते आणि तुला तिची असिस्टंट शिकवते. फी भरायच्या आधी एक तास क्लासमध्ये बसू देतात का विचार. नाही म्हणाले तर पैसे दुसरीकडे ने. आणि काढायचं विचारायला विसरू नकोस.

माझ्या रेट कार्डावर काढण्याचा दर वेगळा लिहिलाय, 300 रुपये. दुसरीकडे लावून आणलेली असतील तर 400, कारण आत काय आहे ते शोधण्यातच वेळ जातो. काही जणी घासाघीस करतात. लावण्याचा दर कमी करते कधीकधी, काढण्याचा नाही.