कारखान्यातले तीन स्विच आणि न पुसली जाणारी व्हीलॅन

आमची शाळा खानापूर तालुक्यात. मराठी माध्यम, संगणक कक्षात वीस पीसी, आणि ते सगळे एका आठ पोर्टच्या (वायर लावायच्या खाचांच्या) पांढऱ्या डबीला, म्हणजे पीसी एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या स्विचला, आणखी दोन डब्या जोडून कसेबसे चालवलेले. पावसाळ्यात लाईट गेली की त्यातली एक तरी डबी मरायची. उद्यमबागेतल्या एका कारखान्याने एक विभाग बंद केला, तेव्हा तिथे मेंटेनन्सला असलेला आमचा माजी विद्यार्थी फोनवर म्हणाला, "सर, तीन सिस्को स्विच काढून टाकलेत, चोवीस पोर्टचे. साहेबांना विचारून ठेवलंय. नेता काय?" मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर निघालो. येताना तिन्ही स्विच मांडीवर घेऊन मच्छेपर्यंत बसमध्ये उभ्या माणसांचे टोमणे खाल्ले.

मी संगणक शिकवतो, पण नेटवर्कवाला नाही. शिकवणं आणि स्विचला हात घालणं यात केवढं अंतर आहे ते पुढच्या चार दिवसांत कळलं.

स्विच २९६० मालिकेतले, जुने पण दणकट. बेळगावातून लॅपटॉपवरून स्विचशी बोलायची कन्सोल केबल आणली, ती फिकट निळी चपटी, आणि लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबीचा जोड. पुट्टी या प्रोग्रॅममध्ये वेग ९६०० बॉड ठेवून एंटर दाबलं तर पडद्यावर नाव आलं, सुरुवात बीजीएमने. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला कागदोपत्री बेळगावी झालं, पण रेल्वे स्टेशनचा कोड अजून बीजीएमच आहे, आणि या स्विचलाही कुणी नवं नाव सांगितलं नव्हतं. नावाखाली पासवर्डची ओळ. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, ज्याने टाकला तो नोकरी सोडून गेलेला.

पासवर्ड नसेल तर वाट पुढच्या बाजूच्या मोड बटणातून जाते. वायर काढायची, मोड बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून वायर परत लावायची. सिस्टिमचा दिवा हिरवा लुकलुकतो, मग क्षणभर पिवळसर होतो आणि हिरवा स्थिर झाला की बोट काढायचं. पहिल्या दोन वेळा मी घाईत आधीच सोडलं आणि स्विच नेहमीसारखा चालू होऊन पुन्हा पासवर्ड मागायला लागला. तिसऱ्या वेळी नुसतं 'स्विच' आणि पुढे दोन टिंबं अशी ओळ आली. तिथे फ्लॅश इनिट (फ्लॅश म्हणजे स्विचची फाईली ठेवायची जागा, ती उघडायची आज्ञा), मग 'कॉन्फिग.टेक्स्ट' या सेटिंगच्या फाईलचं नाव बदलून 'कॉन्फिग.ओल्ड', मग बूट. फाईलच सापडली नाही म्हणून स्विच कोरा उठला. सुरुवातीची प्रश्नावली हवी का, या प्रश्नाला नो. शिपाईमामा दारातून डोकावून म्हणाले, "आय्तेन्री सर?" मी म्हणालो, "झालं मामा."

झालं नव्हतं.

लॅब आणि ऑफिस वेगळं ठेवायचं हा माझा बेत. मुलं काय काय उघडतील याचा नेम नाही, आणि ऑफिसच्या पीसीवर मुलांचे दाखले, गुण, सगळं आहे. म्हणून एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं, म्हणजे व्हीलॅन: १० लॅबला, २० ऑफिसला. करायच्या आधी 'शो व्हीलॅन ब्रीफ' दिलं, तर यादीत फाउंड्री, स्टोअर्स, अकाउंट्स, कॅमेरा! व्हीलॅन १० म्हणजे फाउंड्री. पोर्ट सगळे व्हीलॅन १ मध्ये परत आलेले, पण नावं जशीच्या तशी. सेटिंग पुसणारं राईट इरेज दिलं, रीलोड (बंद करून पुन्हा चालू) केलं, सेव्ह करू का विचारल्यावर नो म्हटलं. पुन्हा बघितलं. फाउंड्री होतीच. मग थेट 'नो व्हीलॅन १०' दिलं, तर उत्तर आलं की यंत्र क्लायंट मोडमध्ये (म्हणजे यादी दुसऱ्या स्विचकडून घेणारं) आहे, व्हीलॅन बदलता येणार नाही. घर माझं, पण किल्ली कारखान्याकडे.

संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली, जी आधी कळली असती तर अर्धा दिवस वाचला असता. राईट इरेज पुसतं ती सुरुवातीची कॉन्फिग: स्विचचं नाव, पासवर्ड, कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, हे सगळं. पण व्हीलॅनची यादी, आणि त्याबरोबर व्हीटीपीचं (स्विच आपसांत ही यादी वाटून घेतात त्या पद्धतीचं) डोमेन, म्हणजे गटाचं नाव, व मोड, हे राहतं वेगळ्या फाईलमध्ये, व्हीलॅन.डॅट. 'डिर फ्लॅश' दिलं की ती तिथेच शेजारी बसलेली दिसते. तिला इरेज शिवतसुद्धा नाही.

मग डिलीट फ्लॅश, कोलन, व्हीलॅन.डॅट. स्विचने विचारलं, फाईलचं नाव हेच ना? मी हो म्हणून 'वाय' टाईप केलं. झटक्यात एरर: फ्लॅशमध्ये अशी फाईल नाही. मला वाटलं, फ्लॅशच गेली, फुकटचा माल फुकटच असतो. दहा मिनिटं तोंड पाडून बसल्यावर एररची ओळ नीट वाचली. स्विचने माझा 'वाय' फाईलचं नाव समजून 'वाय' नावाची फाईल शोधली होती. तिथे हो-नाही नसतं, नुसतं एंटर दाबायचं. खात्री विचारतो तेव्हाही एंटर. रीलोड केल्यावर यादीत १ आणि १००२ ते १००५ एवढेच उरले, आणि ते कुणालाच पुसता येत नाहीत, जन्मजात आहेत. शनिवार सत्कारणी लागला असं समजून घरी गेलो.

रविवारी उत्साहाने येऊन पहिल्या स्विचला वीस पीसी जोडले. सगळं चाललं. मग वाटलं, दुसरा स्विच अजून उघडलेला नाही, पण निदान त्याचे पोर्ट जिवंत आहेत का ते बघू. एक वायर पहिल्यातून दुसऱ्याच्या चोवीस नंबरला लावली, एक पीसी दुसऱ्यात लावला. त्या पीसीला नेट मिळेना. पोर्ट खराब असतील म्हणून नाद सोडला. वायर मात्र तशीच राहिली.

सोमवारी पहिल्या तासाच्या आधी पहिल्या स्विचवर व्हीलॅन १० बनवायला गेलो तर, पुन्हा फाउंड्री, स्टोअर्स, अकाउंट्स, कॅमेरा. धुऊन वाळत घातलेलं कापड वाऱ्याने चिखलात पडावं तसं. एकदा वाटलं, कुणीतरी मुलाने चेष्टा केली. मग 'शो व्हीटीपी स्टेटस' बघितलं. डोमेनच्या जागी कारखान्याचं नाव, आणि रिव्हिजन नंबर (यादी किती वेळा बदलली त्याचा आकडा), जो शनिवारी शून्य होता, तो चाळीसच्या पुढे.

दुसरा स्विच अजून कारखान्यातच होता, म्हणजे त्याच्या डोक्यात. त्याचा चोवीस नंबर ट्रंक, म्हणजे सगळ्या व्हीलॅन एकाच वायरीतून दुसऱ्या स्विचला नेणारा, म्हणून ठेवलेला. माझा पहिला स्विच कोरा, त्याचे पोर्ट समोरचा म्हणेल तसे वागायला तयार, आणि व्हीटीपीचं डोमेन रिकामं. दोघांत ट्रंक जुळली, दुसऱ्याने आपली व्हीटीपीची वर्दी पाठवली, आणि रिकाम्या डोमेनच्या स्विचने ते नाव आपलं म्हणून घेतलं. मग ज्याचा रिव्हिजन मोठा त्याची यादी खरी. पाठवणारा क्लायंट असला तरी फरक पडत नाही, हे मला सगळ्यात अजब वाटलं. मोठ्या ऑफिसात अशीच एखादी जुनी पेटी जोडून आख्खं नेटवर्क झोपवता येतं. माझं तरी वीस पीसीवर निभावलं.

मग सगळ्या वायरी काढल्या. तिन्ही स्विच एकमेकांपासून तोडून, एकेक टेबलावर घेऊन: मोड बटण, कॉन्फिग, व्हीलॅन.डॅट, रीलोड. आणि जोडण्याआधी तिघांनाही व्हीटीपी ट्रान्सपरंट, म्हणजे दुसऱ्याची यादी आपली म्हणून घ्यायची नाही. पीसीचे पोर्ट ॲक्सेस (एकाच व्हीलॅनचे) म्हणून पक्के केले, म्हणजे परत कुणाशी आपणहून ट्रंक बांधायला जाणार नाहीत. दुसऱ्याचे पोर्ट खराब नव्हतेच. रविवारचा पीसी बिचारा कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसला होता.

एक उरलं होतं. 'डिर फ्लॅश'मध्ये तिसऱ्या स्विचवर कॉन्फिग.ओल्ड अजून तशीच होती, मीच नाव बदललेली. तिघांवरही. त्यात कारखान्याचे पासवर्ड आहेत, म्हणून पुसणं भागच होतं, पण आधी एकदा वाचली. प्रत्येक पोर्टखाली कुणीतरी नीट लिहून ठेवलं होतं: गेट कॅमेरा, स्टोअर काउंटर, टेस्टिंग बेंच. सातव्या पोर्टखाली मेंटेनन्स टेबल. त्याचा फोटो काढून मी त्या माजी विद्यार्थ्याला पाठवला. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, "सर, ते माझं टेबल होतं." मग मी ती फाईल डिलीट केली, दोन्ही वेळा नुसतं एंटर दाबून.