पान नंबर २१२

मागच्या महिन्यात एका मॅटरमध्ये निकाल आमच्या बाजूने लागला, मुलगा जेलबाहेर आला, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी हायकोर्टात एमपीडीएच्या रिट याचिका करते. हा आपल्या राज्याचा १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती, पुढे वाळू तस्करही त्यात आले. खटला नाही, शिक्षा नाही, कलेक्टर किंवा पोलीस कमिशनरची सही की वर्षभरापर्यंत आत. ऑर्डरला पुरेसं कारण आहे का हे बघणारं अॅडव्हायझरी बोर्ड असतं, पण तिथे वकिलाला उभं राहायचा हक्क नाही, माणूस एकटाच बोलतो.

हा मुलगा तेवीसचा. गावातल्या दोन मारामाऱ्या, आणि पाण्यासाठी तहसीलवर नेलेल्या मोर्चातल्या ढकलाढकलीत मारहाणीचा एक गुन्हा. तिन्हीत जामीन झालेला. त्यावर इन-कॅमेरा, म्हणजे नाव गुप्त ठेवून घेतलेले, जबाब दोन, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. यांची नावं आम्हाला कळत नाहीत, उलटतपासणी नाही. आणि भाषा बघा, "त्याने चाकू दाखवला, लोक सैरावैरा पळू लागले, दुकाने पटापट बंद झाली", दोन्ही जबाबांत स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. मी अशा कितीतरी फायली वाचल्यात, माणूस बदलतो, चौक बदलतो, दुकानं मात्र पटापटच बंद होतात. कारण दुकानं बंद झाली नाहीत तर प्रकरण नुसतं 'कायदा व सुव्यवस्थे'चं (काही माणसांपुरतं) राहतं, 'सार्वजनिक सुव्यवस्थे'पर्यंत (सगळ्या परिसराच्या जगण्यापर्यंत) पोचत नाही, आणि तिथे पोचल्याशिवाय ऑर्डर टिकत नाही. हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं आणि सही करणारा वाचत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मुलाचे आजोबा ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना हेच समजावत होते. म्हटलं, आजोबा, हा फरक सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये राम मनोहर लोहियांच्या केसमध्ये सांगितलाय. ते एकदम ताठ बसले. "आमच्या डॉक्टरांच्या?"

आजोबा समाजवादी, लोहिया त्यांचे नेते. आणीबाणीत मिसा ह्या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली सतरा महिने नाशिकरोडच्या जेलमध्ये. मिसामध्ये तेव्हा दुरुस्तीच केली होती की अटकेची कारणं कैद्याला सांगायची गरज नाही, त्यामुळे आपल्याला आत का टाकलं हे त्यांना कागदावर कधीच मिळालं नाही. नातवाच्या चारशे पानांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, मला एक चिठ्ठी नव्हती, ह्याला एवढं सगळं दिलंय, आणि तरी तो आतच?" मला उत्तर देता आलं नाही.

सुनावणीला मी लोहियांची केस, ती तीन वर्तुळं, सगळं तयार करून गेले होते. मोठं वर्तुळ कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, त्याच्याही आत राज्याची सुरक्षा. तिथपर्यंत पोचलेच नाही. कोर्टाने पान २१२ उघडलं. जामिनाच्या ऑर्डरची झेरॉक्स, पूर्ण काळी, एक ओळ वाचता येत नाही. जे वाचताच येत नाही त्यावर स्थानबद्ध माणूस निवेदन काय देणार, कारणं कळवून निवेदनाची संधी द्या सांगणाऱ्या राज्यघटनेच्या कलम २२(५) चा भंग, ऑर्डर रद्द. दहा-बारा मिनिटं. तोवर मुलाने आठ महिने काढले होते.

बाहेर आजोबांनी विचारलं, "म्हणजे हा कायदा चूक आहे असं म्हणाले का?" मी म्हटलं, कोर्ट तसं नाही म्हणालं. झेरॉक्स चूक आहे म्हणालं. आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, डॉक्टरही असेच सुटले का? मी म्हटलं, हो, तसंच काहीसं, ऑर्डरमध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेऐवजी कायदा व सुव्यवस्था लिहिलं होतं. एका शब्दावर.

मिसा कोर्टाने नाही घालवला, १९७७ ला मिसा भोगलेले लोक निवडून आले म्हणून गेला. पण त्यांनी सुद्धा कलम २२ मधली स्थानबद्धता काढून नाही टाकली. ४४ व्या दुरुस्तीत बोर्डाशिवाय आत ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन केली, संसदेने पास केली, आणि ते कलम आजपर्यंत लागूच केलेलं नाही. १९८० ला रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा, तोही स्थानबद्धतेचाच) आला तेव्हा ए. के. रॉय नावाचा विरोधी खासदारच आत होता, त्याच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की लागू करा असा हुकूम आम्ही सरकारला देऊ शकत नाही. त्यानंतर विरोधात असताना ह्या कायद्यांवर घसा कोरडा करणारे जवळपास सगळे कधी ना कधी दिल्लीत सत्तेत बसून गेले. एकानेही ते कलम लागू करायची ती एक नोटिफिकेशन काढली नाही. ह्याचा मला खरंच संताप येतो.

आजोबा नाशिकरोडच्या एका जुन्या सोबत्याकडे हेच घेऊन गेले, तो आता सत्तेच्या जवळ आहे. तो म्हणाला, "नातू सुटला ना तुझा, मग आता काय?"

परवा परत आले, खासदारांना पाठवायचं निवेदन टाईप करून घेतलं. सही केली, खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, मिसाबंदी, नाशिकरोड. मग पेन नातवाकडे धरलं. तो दाराशीच उभा होता, आत पण नाही आला. म्हणाला, "माझं नाव कुठल्याच कागदावर नको."