साडेचार मिलिमीटर

मंगळवार, रात्री साडेअकरा

शेवटी आज कपाळाला उठाव देणाऱ्या ऑपरेशनचं विचारायला सर्जनकडे जाऊन आलो. आईला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय.

स्क्रीनवर स्वतःची कवटी पाहिली. भीती नाही वाटली. पहिला विचार आला तो, मॉडेल खडबडीत आलंय. भोसरीत दिवसभर कॉम्प्युटरवर डाय-मोल्डची, म्हणजे साच्यांची, मॉडेलं फिरवणाऱ्याला दुसरं काय सुचणार! सीटी स्कॅनचे मिलिमीटरहून पातळ काप एकावर एक रचून ती उभी केलेली. तिच्यावर निळ्या रंगात इम्प्लांट: भुवयांच्या हाडापासून वर चढत गेलेलं, कडेला शून्यावर आलेलं. सगळ्यात जाड जागी साडेचार मिलिमीटर. कडा शून्यावर आणली नाही तर कातडीखाली पायरी हाताला लागते, म्हणाले. हे मला कोणी समजावायला नको.

मटेरियल विचारलं तर 'पीक' (PEEK), एक कडक प्लास्टिक. हसूच आलं. त्याचे बुश आम्हीही मशीनवर काढतो. एवढा महाग रॉड, की एक जॉब रिजेक्ट झाला तर शेठ दोन दिवस बोलत नाहीत. अर्थात शरीरात घालायची ग्रेड वेगळी. दुसरा पर्याय बोन सिमेंटचा, आईच्या गुडघ्यात भरलं तसलं. ते कपाळावरच हाताने थापून आकार द्यायचा, आणि घट्ट होताना ते तापतं. नको.

इथवर सगळं माझ्या धंद्यातलं होतं. मग चीर कुठे ते दाखवलं. या कानापासून त्या कानापर्यंत, केसांच्या आतून. केसांच्या! माझे दर दिवाळीला बोटभर मागे सरकतायत. हा मुद्दा डॉक्टरांनीच आधी काढला, मी विचारायच्या आत, म्हणून माणूस बरा वाटला. इम्प्लांट हाडाला बसवायचे टायटॅनियमचे स्क्रूही आखूडच लागतात. भुवयांमागे हाडात सायनसची पोकळी असते, तिच्यात स्क्रू घुसला की जंतूंना वाट मोकळी. इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा ते काढावंच लागतं.

"भुवईखाली नाकाच्या बाजूला बोट दाबून बघा," म्हणाले. हाडाच्या कडेला बारीक खाच लागली. तिथून नस वर कपाळात जाते. ती दुखावली तर कपाळ आणि टाळू बधिर, काही महिने, कधी कायमची. घरी आल्यापासून दहा वेळा ती खाच चाचपून झाली. चौतीस वर्षांत कधी हाताला लागली नव्हती.

त्यांच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं, १७९४ साली लंडनच्या मासिकात छापलेलं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा बैल हाकणारा. पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलेलं. त्या माणसाला नाकच नव्हतं. मी आलो होतो ते चुलतभावाच्या लग्नातल्या एका बाजूने काढलेल्या फोटोपायी, त्यात माझं कपाळ भुवईपासून थेट मागे पळालेलं दिसतं. चित्राकडे पाठ होईल अशा खुर्चीत जाऊन बसलो.

जेवताना आईने विचारलं, "काढला का दात?"

"नाही. विचार करून या म्हणाले."

"दाताचा कसला विचार?"

सीटीची सीडी माझ्याकडेच आहे. उद्या लंचमध्ये साडेचारचे तीन करून बघतो. चीर मात्र तेवढीच राहते.