ऑनर्स म्हणजे वरचे की खालचे?

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी समुपदेशक आहे. हिवाळ्यात वर्गनिवड सुरू झाली की दहावीच्या प्रत्येक मुलाला अकरावीचे विषय ठरवण्यासाठी माझ्यासमोर वीस मिनिटे मिळतात. एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थी असावेत, अशी इथल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस आहे. माझ्याकडे त्याहून अधिक असल्याने त्या वीस मिनिटांची बहुतेक वेळा पंधराच होतात. त्या दिवशी मात्र एका भेटीने पाऊण तास घेतला.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेले कुटुंब होते. मुलाने अर्जात सगळे विषय ऑनर्सचे भरले होते, तर इतिहास आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी त्याची शिफारस एपीसाठी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट या ऑनर्सच्याही वरच्या पातळीसाठी केली होती. वडील समाधानाने म्हणाले, "मॅडम, सगळीकडे ऑनर्सच ठेवा, उगाच खाली उतरायला नको." मला क्षणभर काही उलगडेना. मग लक्षात आले की आपल्याकडे ऑनर्सची पदवी साध्या पदवीपेक्षा वरची मानतात, आणि एपी म्हणजे जादा शिकवणीसारखे काहीतरी असावे, असा त्यांचा समज झाला होता.

मी समजावून सांगितले. ऑनर्समध्ये काय शिकवायचे हे शाळा ठरवते आणि त्याला बाहेरची परीक्षा नसते. एपीचा आराखडा कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा असतो, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि तिचे गुण 1 ते 5 असतात. 3 वा त्याहून अधिक मिळाल्यास अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात, काही 4 किंवा 5 मागतात, काही मुळीच देत नाहीत. आमच्या शाळेत ए श्रेणीला साध्या वर्गात 4, ऑनर्समध्ये 4.5 आणि एपीत 5 गुण धरतात. हा शेवटचा आकडा ऐकताच वडील मुलाकडे वळले, आणि मुलाने मान खाली घातली. त्याला हे सारे ठाऊक होते. घरच्यांचा गैरसमज त्याने जपून ठेवला होता, आणि मी तो नकळत उघडा पाडला होता. त्याला आधी एकट्याला बोलावायला हवे होते, हे मला अजून वाटते.

त्यानंतर जे झाले ते अनपेक्षित नव्हते. पाच मिनिटांपूर्वी ज्याचे नाव नको होते ते एपी आता सगळ्या विषयांत हवे झाले. "महाविद्यालयवाले काय बघतात?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रवेश देणाऱ्यांकडे गुणपत्रकासोबत शाळेची माहितीही जाते, त्यामुळे शाळेत कोणते एपी विषय उपलब्ध होते आणि मुलाने त्यांतले किती घेतले, हे त्यांना दिसते. एकही न घेणे डोळ्यांत खुपते. पण झेपत नसताना पाच घेऊन दोनांत सी आणणे त्याहून अधिक खुपते, असे माझे मत आहे.

मी मुलाला कोऱ्या कागदावर आठवड्याचे तास मांडायला सांगितले. लिहिता लिहिता तो मराठीतच म्हणाला, "मला प्रत्येक पान दोनदा वाचावं लागतं. पुण्यातली शाळाही इंग्रजी माध्यमाची होती, पण तिथे एवढं वाचायला लागत नव्हतं." वडील गप्प झाले. एपीच्या अमेरिकी इतिहासात एका प्रश्नासाठी सात दस्तऐवज वाचून तासाभरात निबंध लिहावा लागतो, आणि वर्षभराचे वाचन वेगळेच. न्यू जर्सीत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे सक्तीचा असल्यामुळे तो टाळता येत नाही, फक्त पातळी निवडता येते. भौतिकशास्त्राचे मात्र त्याला भय नव्हते. तिथे वाचन कमी, गणिते अधिक.

शेवटी अर्जावर भौतिकशास्त्र एपी आणि इतिहास ऑनर्स असे लिहिले गेले. बाकीचे विषय त्याने भरले होते तसेच राहिले. वडिलांनी सही केली, तरी इतिहासावरून त्यांचे बोट हलेना. "वर चढता येतं का नंतर?" त्यांनी विचारले. आमच्याकडे एपीतून ऑनर्समध्ये उतरता येते, पण वर चढायचे तर सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच, असे मी सांगितले. दाराशी पोचल्यावर मुलगा परत फिरला आणि एपीच्या इतिहासाचे जुने पाठ्यपुस्तक उन्हाळ्यात वाचायला मिळेल का, असे त्याने विचारले. वडील तोवर जिना उतरून गेले होते.